मार्गदर्शिकेसाठी सॉफ्टवेअर निवडताना

आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पाची मराठी मार्गदर्शिका लिहायला घेतली तेव्हा हाताशी चार प्रोग्रामर आणि दोन निवृत्त शिक्षक होते. गुरुजींचा हात लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. पण त्याची ओडीटी फाईल म्हणजे झिप केलेलं गाठोडं; आत नेमकी कोणती ओळ बदलली हे फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला दाखवता येत नाही. दोघांनी एकाच वेळी हात लावला की एकाची मेहनत वाया.

प्रोग्रामर मंडळी लाटेकवर, म्हणजे मजकुरात खुणा लिहून छापील पानं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अडून बसली. त्याची छपाई देखणी, वादच नाही. पण एक महिरपी कंस राहिला की अख्खी मार्गदर्शिका अडते. तो कंस शोधणं गुरुजींच्या माथी का मारायचं?

मग साध्या मजकुराच्या फाईलींतून मार्गदर्शिका तयार करणारं स्फिंक्स पाहिलं. २००८ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी आलेलं. लिनक्स कर्नलही (त्या प्रणालीचा गाभा) २०१६ मध्ये डॉकबुक ही आधीची दस्तऐवज-पद्धत सोडून त्याच्याकडे वळू लागलं. प्रकरणांमधले परस्परसंदर्भ ते स्वतः सांभाळतं. अडचण निघाली त्याच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीत. तिथे ठळक शब्दाच्या आगेमागे दोन-दोन चांदण्यांची खूण असते; ती संपली की पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवंच. आपले प्रत्यय तर शब्दाला चिकटून येतात! ‘**जतन करा**वर टिचकी मारा’ असं लिहिलं की शब्द ठळक व्हायचा सोडून चांदण्याच छापून येतात. उपाय म्हणजे मध्ये उलटी तिरकी रेघ आणि एक जागा. दर वाक्यात हे कोण करणार?

मार्कडाऊन या दुसऱ्या, सोप्या लेखनपद्धतीला असा चिकटलेला ‘वर’ चालतो. म्हणून स्फिंक्स ठेवलं आणि त्याला मिस्ट हा पार्सर (मार्कडाऊन वाचून स्फिंक्सला समजावणारा) जोडून लेखन मार्कडाऊनमध्ये करायचं ठरवलं. सोबत एकच नियम: एका ओळीत एकच वाक्य. परिच्छेद सलग लिहिला तर एका अनुस्वाराच्या दुरुस्तीला गिट पूर्ण परिच्छेद बदलल्याचं दाखवतं, आणि तपासणारा वैतागतो. (गुरुजींना हा नियम सगळ्यांत आधी पटला, तपासणीचा जन्मभराचा सराव.)

पीडीएफसाठी स्फिंक्स मुळात पीडीएफलाटेक हा लाटेकचा प्रकार वापरतं, त्याऐवजी झीलाटेक हा दुसरा प्रकार लावला आणि मुक्ता हा फाँट घेतला. फाँटसोबत ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ लिहावं लागतं, नाहीतर ‘कि’ची वेलांटी उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

तक्ते मात्र मार्कडाऊनमध्ये किचकटच. उभ्या रेघा जुळवत बसायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे तेवढे आम्ही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाईलमधून आत घेतो.