प्रिव्हेलिंग वेज ठरवताना: माझा अनुभव

न्यू जर्सीतल्या एका छोट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग फर्ममध्ये मी ऑफिस सांभाळते. माणसं एकवीस. पगार, विमा, रजा, सरकारी फॉर्म, सगळं माझ्या टेबलावर येतं. आमचं ड्रॉइंगचं बरंच काम पुण्यातली एक टीम करते आणि इकडून त्यांच्याशी बोलणारा इंजिनिअर मूळचा सांगलीचा. सांगलीत इंजिनिअरिंग, मग पुण्याच्या आसपास साइटवर दोन वर्षं नोकरी, नंतर इथे मास्टर्स, आणि २०१९ मध्ये थेट आमच्याकडे. मला ताई म्हणतो. ऑक्टोबर २०२० पासून तो एच-१बी वर आहे. या व्हिसाची मुदत साधारण सहा वर्षांची, आणि सहा वर्षांनंतरही राहायचं तर ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याचा अर्ज मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी गेलेला हवा. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये बॉस म्हणाले, ‘आता त्याचं काम हाती घेऊ या.’

त्या अर्जाच्याही आधीची पायरी म्हणजे प्रिव्हेलिंग वेज. ज्या भागात, ज्या प्रकारच्या कामासाठी परदेशी माणूस कायमचा ठेवायचा, तिथे त्या कामाला चालू पगार किती आहे हे अमेरिकेचं कामगार खातं ठरवून देतं. त्यापेक्षा कमी पगाराची नोकरी देऊ केली तर अर्ज पुढे सरकत नाही. २०१० च्या आधी हा आकडा प्रत्येक राज्याचं खातं द्यायचं, आता नॅशनल प्रिव्हेलिंग वेज सेंटर देतं. फॉर्म ९१४१, तो ‘फ्लॅग’ नावाच्या पोर्टलवर भरायचा. सरकारी फी एक पैसाही नाही. वकिलाची फी मात्र कंपनीनेच भरायची, कामगाराकडून घ्यायची नाही, हा नियम २००७ पासून आहे. बॉसना ती फी थोडी वाचवायची होती आणि फॉर्म साधा दिसत होता. जानेवारी २०२३ मध्ये तो मीच भरला.

मनापासून भरला. त्या मुलाचं काम मी रोज बघत होते, त्याची बाजू भक्कम दिसली पाहिजे असं मला वाटत होतं. आमच्या जुन्या फाइलीतलं सीनियर इंजिनिअरचं जॉब डिस्क्रिप्शन घेतलं आणि लिहिलं: बॅचलर्स डिग्री, पाच वर्षांचा अनुभव, ड्राफ्टिंग टीमचं सुपरव्हिजन. बॉसनी वर सांगितलं, ‘पुण्याशी तोच बोलतो, तर हिंदी किंवा मराठी येणं आवश्यक असंही घाल.’ घातलं. आपली भाषा एका अमेरिकन सरकारी फॉर्मवर लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगते.

निकालाची वाट बघताना अंदाज यावा म्हणून मी खात्याच्या साइटवर आकडे शोधत बसायचे. तिथे पहिली चूक सापडली. आमचा पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टन, पिनकोड ०८५४०. म्हणून मी मर्सर काउंटी, म्हणजे ट्रेंटन-प्रिन्स्टन भागाचे आकडे बॉसना सांगून बसले होते. पण आमची इमारत रूट वनजवळ प्लेन्सबरोच्या हद्दीत येते, आणि प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत. मिडलसेक्स मोजला जातो न्यूयॉर्क-न्यूअर्क-जर्सी सिटी या मोठ्या भागात. आकडे वेगळे. फॉर्मवर काउंटी बरोबर पडली होती, कारण ती मी इमारतीच्या टॅक्सबिलावरून उतरवली होती. पण बॉसना सांगितलेला आकडा मागे घ्यावा लागला.

ऑगस्टअखेर निकाल आला. साडेसात महिने लागले. लेव्हल फोर, म्हणजे पगाराच्या चार पायऱ्यांतली सर्वांत वरची.

आकडा इथे देत नाही, तो त्या मुलाचा खासगी विषय आहे. एवढंच सांगते की आमच्या सर्वांत जुन्या इंजिनिअरच्या पगाराच्याही तो वर होता. मधल्या काळात १ जुलै येऊन गेला होता आणि हे आकडे दर वर्षी १ जुलैला नवे लागू होतात. मी जानेवारीत बघितलेला तक्ता त्यामुळे जुना झाला होता. बॉस कागद वाचून म्हणाले, ‘एवढं आपल्याला झेपणार नाही.’ तो मुलगा माझ्या टेबलाशी उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

त्यानंतर आम्ही वकीलबाईंकडे गेलो. मला वाटलं होतं की त्या सेंटरची चूक काढतील. ३० दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो, हे मी वाचून ठेवलं होतं. त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि नोव्हेंबर २००९ ची खात्याची मार्गदर्शिका उघडून तिच्यातलं वर्कशीट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, ‘तुम्हीच मांडून बघा.’

हिशोब असा. सुरुवात एकपासून. मग नोकरीला तुम्ही काय काय मागता ते ‘ओ-नेट’ या सरकारी कोशात त्या कामाला साधारण जे लागतं त्याच्याशी ताडून बघायचं आणि जे जास्त असेल त्याचे गुण वाढवायचे. त्या कोशात कामाला किती तयारी लागते त्यावरून गट पाडलेले आहेत; सिव्हिल इंजिनिअर त्यातल्या चौथ्या, म्हणजे ‘जॉब झोन फोर’मध्ये येतो. तिथे बॅचलर्सवर पाच वर्षं मागितली की अनुभवाचे तीन गुण. सुपरव्हिजनचा एक. परभाषेची अट घातली की बहुधा आणखी एक, कारण ती सिव्हिल इंजिनिअरला एरवी लागत नाही. एक अधिक तीन अधिक एक अधिक एक. बेरीज सहा झाली आणि पायऱ्या चारच आहेत. अधिकाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी जे लिहिलं होतं त्याचाच तो पगार होता.

या चार पायऱ्या कशा पाडतात हेही त्यांनी कागदावर करून दाखवलं. सरकारच्या वेतन सर्वेक्षणातून दोन आकडे निघतात: त्या कामातले पगार चढत्या क्रमाने लावून तीन हिस्से केले की सर्वांत खालच्या हिश्श्याची सरासरी ही लेव्हल वन, आणि वरच्या दोन हिश्श्यांची सरासरी ही लेव्हल फोर. मधल्या दोन पायऱ्या २००४ च्या कायद्यातल्या सूत्राने पडतात. समजा, खालचा आकडा ७५ हजार आणि वरचा १ लाख १७ हजार. फरक ४२ हजार, त्याचे तीन भाग १४-१४ हजारांचे. खालच्यात एक भाग मिळवला की लेव्हल टू ८९ हजार, वरच्यातून एक वजा केला की लेव्हल थ्री १ लाख ३ हजार. इतकं सरळ गणित आहे. मी मात्र आठ महिने हा आकडा म्हणजे कुणा साहेबाची मर्जी समजून बसले होते.

बाईंनी सहज सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. ८ ऑक्टोबर २०२० ला खात्याने एका दिवसात हे आकडे वर नेले होते, लेव्हल वन सतराव्या पर्सेंटाइलवरून (म्हणजे शंभरातल्या सतरा जणांचा पगार ज्याच्या खाली असतो त्या आकड्यावरून) थेट पंचेचाळीसाव्यावर. १ डिसेंबरला कोर्टाने तो नियम रद्द केला. त्या आठवड्यांत ज्यांचे निकाल आले त्या छोट्या कंपन्यांचं काय झालं असेल, ते मला आता चांगलं कळतं.

मग त्यांनी विचारलं, ‘हा मुलगा तुमच्याकडे रुजू झाला त्या दिवशी त्याच्याजवळ काय होतं?’

मी म्हटलं, मास्टर्स आणि भारतातली दोन वर्षं.

‘मग तुम्ही पाच वर्षं कशी मागता? तुमच्याकडे काम करून मिळवलेला अनुभव त्याच कामासाठी धरत नाहीत. या फॉर्मवर पगार परवडला असता तरी तो स्वतःच नापास झाला असता.’

हे ऐकून मी सुन्न झाले. पगाराचा आकडा जास्त आला म्हणून आम्ही थांबलो. तो कमी आला असता तर तसेच पुढे गेलो असतो आणि दोन वर्षांनी, अर्जाआधी इथल्या लोकांसाठी करावी लागते ती सगळी जाहिरात-भरती करून, अर्ज नाकारला गेला असता.

तो मुलगा संध्याकाळी म्हणाला, ‘ताई, म्हणजे माझी इथली चार वर्षं कशातच नाहीत?’ मी त्याला म्हटलं, ‘पगारवाढीत आहेत, आमच्या मनात आहेत. या फॉर्मवर नाहीत.’ त्याचं समाधान झालं नाही, आणि ते होण्यासारखं नव्हतंच. पण हा फॉर्म माणसाचा नसून खुर्चीचा आहे, हे एकदा नीट उमगलं की पुढचं सगळं सोपं जातं. त्या खुर्चीत उद्या कुणीही बसलं तर त्याला कमीत कमी काय यायला हवं, एवढंच तिथे विचारलेलं असतं. तो मुलगा किती गुणी आहे, हे सांगायची ती जागा नाही.

दुसऱ्यांदा फॉर्म लिहायला तीन बैठका लागल्या. आम्ही त्या जागेवर याआधी कुणाला घेतलं होतं ते काढलं. दोघी जणी नुकतंच मास्टर्स झालेल्या, अनुभव शून्य. म्हणजे आमची खरी गरज मास्टर्स एवढीच. सुपरव्हिजनवर बराच वेळ गेला. बाई विचारत गेल्या: तो कुणाची रजा मंजूर करतो का? कुणाचं वार्षिक मूल्यमापन करतो का? कुणाला कामावर घ्यायचं वा काढायचं, हे ठरवतो का? तिन्हींचं उत्तर नाही. तो पुण्याहून आलेली ड्रॉइंग तपासतो, चुकांवर लाल खुणा करून परत पाठवतो. ते तपासणीचं काम आहे, हाताखाली माणसं असणं वेगळं. बॉसनी एकदा विचारलं, ‘मास्टर्सही काढून टाकलं तर आणखी खाली येईल ना?’ बाई म्हणाल्या, ‘बॅचलर्सवाल्याला तुम्ही या जागेवर खरंच घ्याल का?’ बॉस म्हणाले, नाही. तो विषय तिथे संपला आणि मला ते आवडलं. खोटं लिहून पायरी उतरवायची नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

भाषेची अट निघाली. ती ठेवायची तर तिच्यावाचून धंद्याचं अडतं, हे पुढच्या अर्जात सिद्ध करावं लागतं, आणि पुण्याची टीम इंग्रजीत उत्तम काम करते. मराठी त्याच्या आणि त्यांच्या बोलण्यात राहिली, फॉर्मवरून गेली.

एक अधिक मास्टर्सचा एक. लेव्हल टू. सप्टेंबर २०२३ मध्ये तो फॉर्म गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल तसाच आला. असा निकाल ९० दिवसांपासून वर्षापर्यंत चालतो आणि त्या मुदतीत निदान भरतीची जाहिरात तरी सुरू झालेली लागते. आमची लगेच झाली: रविवारच्या पेपरात दोनदा, राज्याच्या जॉब पोर्टलवर ३० दिवस, आणखी तीन ठिकाणी. जून २०२३ पासून पुढच्या ९०८९ फॉर्ममध्ये, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याच्या अर्जात, नोकरीचं वर्णन या ९१४१ मधूनच घेतात, म्हणून तिथे नव्याने सारवासारव करायला वाव नाही. आलेला पगार खरं तर ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर द्यायचा असतो, पण अर्जाच्या तारखेपासून तो द्यायची ऐपत टॅक्स रिटर्नवर दिसावी लागते. आम्ही त्याला त्याच्या जवळपास देतच होतो. उरलेला थोडा फरक बॉसनी त्याच महिन्यात भरून काढला.

नोकरीची नोटीस ऑफिसातही लावावी लागते, कामाचे सलग १० दिवस, पगाराच्या आकड्यासह. मी ती पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या बाजूला लावली. तिसऱ्या दिवशी आमची एक इंजिनिअर, इथलीच, मास्टर्स झालेली, त्याच हुद्द्यावरची, हातात कप घेऊन बराच वेळ तिथे उभी होती. मग माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘हा आकडा या कामाचा आहे ना? मग माझा का कमी आहे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा पगार मीच दर पंधरवड्याला काढत होते. दीड वर्ष मी या आकड्याकडे तो खाली कसा येईल एवढ्याच नजरेने बघत होते. तो मुळात कुणासाठी बांधला आहे, ती व्यक्ती माझ्यासमोर उभी होती. मी त्याच दुपारी बॉसकडे गेले, नोटीस आणि तिचं पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवलं. जुलैच्या पहिल्या पगारापासून तिचा आकडा नोटिशीवरच्या आकड्याइतका झाला.

अकराव्या दिवशी नोटीस काढली. खाली लावल्याची आणि काढल्याची तारीख लिहून सही केली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा अर्ज गेला. ही फाइल पाच वर्षं जपून ठेवायची असते. ती माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि तिच्यात पहिल्या फॉर्मची प्रतही मी मुद्दाम ठेवली आहे.