डेट, बुडबुडे आणि माझं बजेट

तर शनिवारी तो पहिल्यांदा कोथरूडच्या फ्लॅटवर जेवायला येणार होता आणि मला उगाच वाटलं की काहीतरी भारी उघडावं, म्हणून कर्वे रोडच्या वाईन शॉपमध्ये जाऊन शॅम्पेनचा भाव विचारला. पाच हजाराच्या वर! मी लगेच दुसऱ्या रॅककडे वळले.

मुळात शॅम्पेन म्हणजे फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली, बाकी सगळी स्पार्कलिंग वाईन. पण पद्धत तीच असू शकते, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचं आणि तिथेच बुडबुडे तयार होतात. स्पेनची कावा अशीच बनते, आणि आपल्या नाशिकची सुला ब्रूट, दिंडोरीची शाँदों पण. आणि हो, ज्या नारायणगावला आपण टोमॅटोसाठी ओळखतो तिथून १९८० च्या दशकात ओमर खय्याम नावाची स्पार्कलिंग वाईन परदेशात जायची, हे आईला सांगितलं तर तिला पटलंच नाही.

आता माझा जुना घोळ. मागच्या वेळी मैत्रिणीच्या वाढदिवसाला इटलीची प्रोसेको आणली होती, लेबलवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ बघून, म्हटलं हीच सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड असणार. कसलं काय, गोडसर लागली. एक्स्ट्रा ड्राय ही लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेल्या वाईनपेक्षा गोड असते, ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमच्या आतच साखर. कोणी ठेवली ही नावं देव जाणे. त्यामुळे यावेळी डोळे झाकून ब्रूट, नाशिकची, आणि उरलेल्या पैशात चीज घ्यायचं सोडून कांदा भजीचं सामान आणलं, कारण खारट तळलेल्या पदार्थाबरोबर ती आंबटसर चव जाम जमते.

गार करणं मात्र महत्त्वाचं, बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालायचं, नुसत्या बर्फात वेळ लागतो. अर्ध्या तासात झाली. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, हळूच फुस्स व्हायला हवं, आत जवळपास सहा पट हवेचा दाब असतो आणि वर घरमालकांचा पंखा.

फुस्सच झालं. त्याने भज्यांची अख्खी प्लेट संपवली, वाईन एकच ग्लास घेतली, आणि मग विचारलं, “चहा टाकतेस का?”

उरलेली अर्धी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे.