शिराज : चादर, मोहर आणि ऐन्यांचा दर्गा

शाह-ए-चेराग दर्ग्याच्या दाराशी झडती झाली. बायकांच्या बाजूच्या सेविकेने माझ्या डोक्यावरून फुलाफुलांचं पांढरं कापड घातलं आणि म्हणाली, "चादोर." आपलीच चादर! इराणमधल्या या शिराज शहरात असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात.

शाह-ए-चेराग म्हणजे दिव्यांचा राजा. शियांचे सातवे इमाम मूसा काझिम यांच्या अहमद आणि मुहंमद या दोन मुलांच्या कबरी इथे आहेत. मशहद शहरात ज्यांचा दर्गा आहे ते इमाम रझा हे त्यांचे भाऊ. २०२२ आणि २०२३ मध्ये या दर्ग्यात गोळीबार होऊन माणसं गेली, म्हणून झडती कडक आहे. मला तिचं ओझं वाटलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. भिंती, कमानी, छत, सगळीकडे ऐन्याचे तुकडे. या कामाला तिथे आयनेकारी म्हणतात. भिंतीजवळ जाऊन पाहिलं, तर काही तुकडे नखाएवढे. प्रत्येक जरा वेगळ्या कोनात बसवलेला, मधे गिलाव्याची बारीक रेघ. झुंबराचा उजेड त्यांवर पडून हिरवट होतो आणि आपण मान हलवली की तोही हलतो.

चौदाव्या शतकात ताश खातून या राजमातेने इथे मोठं बांधकाम केलं. मदरसा काढला, आल्यागेल्याच्या जेवणाची सोय केली. दर रविवारी रात्री ती स्वतः इथे यायची, कुराणपठण व्हायचं, फळं आणि मिठाई वाटली जायची, असं त्या काळच्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवलंय. भूकंपांनी इमारत पुन्हा पुन्हा खचली, आजचा घुमट तर विसाव्या शतकातला. पण बाईंचं नाव टिकलं, याचा मला फार आनंद झाला.

कबरीभोवतीच्या चांदीच्या जाळीला झरीह म्हणतात. बायका तिला बोटं गुंतवून, कपाळ टेकून रडत होत्या. गर्दी साचली की सेविका रंगीत पिसांच्या झाडणीने खांद्याला हळूच स्पर्श करायची, की पुढे सरका.

मी कोपऱ्यात बसले. माझी चादर सारखी घसरत होती. शेजारच्या आजींनी काही न बोलता ती ओढून हनुवटीखाली नीट धरायला दाखवली. मग त्या नमाजाला उभ्या राहिल्या. सिजद्यात कपाळ टेकायला पुढ्यात मातीची छोटी वडी होती. तिचं नाव मोहर. नमाज संपल्यावर त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. थंडगार, आणि किती कपाळं टेकून मधोमध गुळगुळीत झालेली.

"हिंद?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मोहर भिंतीजवळच्या पेटीत परत ठेवली आणि माझा हात हातात धरून बसल्या.