आमची वाटचाल : तारीख ठरवण्याचा व्यवसाय

आमची फर्म नेमके काय करते, हे एका वाक्यात सांगणे मला अजूनही जमत नाही. आम्ही शाळा चालवत नाही, मुलांना शिकवत नाही आणि उपचारही करत नाही. विशेष मुलांच्या शाळांमध्ये आणि सर्वसाधारण शाळांच्या विशेष शिक्षण विभागांमध्ये प्रत्येक मुलासाठी जो वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, तयार करावा लागतो, त्याची कागदपत्रे नीट आणि वेळेत व्हावीत आणि त्यासाठी घ्यावयाच्या बैठका खरोखर व्हाव्यात, एवढेच आमचे काम आहे. आज आम्ही सहा जण हे काम करतो. सुरुवात मात्र मी एकटीने, घरच्या टेबलावर, टायपिंगने केली होती.

त्यापूर्वी आठ वर्षे मी स्वतः विशेष शिक्षिका होते. वर्गातल्या कामाने मी कधी फारशी दमले नाही; दमले ती शाळा सुटल्यानंतरच्या फाईलींनी. माझ्या शेजारच्या वर्गातील बाई मनगटावर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून वर्गात वावरत. एखाद्या मुलाने न सांगता, आपणहून काही मागितले की त्या पट्टीवर एक उभी रेघ ओढत, आणि चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. दिवस संपला की ती पट्टी सोलून वहीत चिकटवत. नोंद ठेवण्याची इतकी सोपी आणि इतकी खरी पद्धत मी पुढे कुठेही पाहिली नाही. अडचण त्यानंतर सुरू होई. त्याच रेघांचा आकडा आधी रोजच्या नोंदवहीत जाई, तिथून आठवड्याच्या तक्त्यात, तिथून तिमाही प्रगती अहवालात आणि वर्षाच्या शेवटी आढाव्याच्या फॉर्ममध्ये. चारही वेळा हाताने उतरवलेला तो आकडा चौथ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत कधीकधी बदललेला असे. त्यात कोणाचाही खोटेपणा नसे. रात्री साडेनऊला फाईल पूर्ण करणाऱ्या माणसाकडून जे होते तेच होई.

म्हणून नोकरी सोडल्यावर मी जे पहिले काम हाती घेतले, ते फॉर्म सुंदर करण्याचे नव्हते. एक नोंद एकदाच लिहिली जावी आणि बाकीच्या सर्व कागदांत ती आपोआप उतरावी, एवढीच माझी खटपट होती. साध्या स्प्रेडशीटवर हे जमले, आणि ओळखीतल्या चार शिक्षिकांनी ते वापरायला घेतले.

त्या काळात मी या विषयाचे नियम प्रथमच मुळातून वाचले. आयईपी हा शब्द ज्या कायद्यामुळे जगभर गेला, तो अमेरिकेचा १९७५ चा कायदा. त्यावर सही करताना अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जे निवेदन दिले, त्यात करदात्यांचा पैसा शिक्षणावर खर्च होण्याऐवजी प्रशासकीय कागदपत्रांवर खर्च होईल, अशी भीती स्पष्टपणे व्यक्त केली होती. म्हणजे कागदपत्रांची तक्रार ही कायद्याच्या जन्मदिवसाइतकीच जुनी आहे, हे वाचून मला थोडे हसू आले आणि बराच धीरही आला. २००४ च्या सुधारणेत तिथे हा भार कमी करण्याचे काही प्रयत्न झाले. बहुतेक मुलांच्या आराखड्यात लघुकालीन उद्दिष्टे लिहिण्याची सक्ती काढून टाकण्यात आली आणि पालकांची व शाळेची संमती असल्यास बैठकीला फोनवरून किंवा व्हिडिओद्वारे हजर राहण्याची मुभा देण्यात आली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि काळजीचा एकत्रित आराखडा, मूल्यांकनाची मागणी आल्यापासून २० आठवड्यांत पूर्ण करावा लागतो. भारतात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या यादीत तेव्हाच आल्या. नियम कुठलाही असो, कायद्यातली एक ओळ बदलली की खाली किती रकाने बदलतात, हे फॉर्म तयार करणाऱ्यालाच कळते.

यानंतर मी जी चूक केली, ती सांगितल्याशिवाय ही हकिकत पूर्ण होणार नाही. काम वाढले तसे शिक्षकांचा वेळ वाचवण्यासाठी आम्ही तयार उद्दिष्टांची एक पेढी केली. विषय निवडा, पातळी निवडा आणि वाक्य आराखड्यात टाका, अशी ती सोय होती. शिक्षक खूश झाले. दुसऱ्या वर्षी एका शाळेतील आढाव्याच्या बैठकीत एका वडिलांनी आराखडा वाचता वाचता थांबून विचारले, ‘‘ही मुलगी कोण?’’ त्यांच्या मुलाच्या आराखड्यात, तिसऱ्या पानावर, दुसऱ्याच मुलीचे नाव होते. नाव तर चुकलेच होते, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की नाव वगळले असते तर ते पान दोन्ही मुलांना सारखेच लागू पडले असते. दोष शाळेचा नव्हता. एका मुलाचा आराखडा साचा म्हणून दुसऱ्यासाठी उघडण्याची सोय आम्हीच दिली होती. मी त्या वडिलांना समक्ष भेटून माफी मागितली, त्या मुलीच्या घरीही कळवले, आणि ती पेढी त्याच आठवड्यात बंद केली.

तिच्या जागी आता चार रिकाम्या जागा असलेला एक तक्ता आहे : कोणत्या परिस्थितीत, मूल काय करील, किती प्रमाणात आणि किती दिवस सलग. ‘वाचन सुधारेल’ असे त्यात लिहिताच येत नाही. ‘ओळखीच्या १० शब्दांपैकी ८ शब्द मदतीशिवाय, सलग ३ दिवस वाचेल’ असे लिहावे लागते. शिक्षकांना यात जास्त वेळ लागतो, अशी तक्रार आली आणि ती खरी आहे. मात्र हा वेळ पुढे परत मिळतो, कारण मोजता येईल असे वाक्य लिहिले असेल तर तिमाही अहवालात निबंध लिहावा लागत नाही, आकडा भरला की काम संपते.

कागदपत्रांचा प्रश्न सुटत आला तसे आमच्या लक्षात आले की फाईली तरीही अपूर्णच राहत होत्या. कारण शोधत गेल्यावर प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले : बैठक झाली नाही. एका मुलाच्या बैठकीला पालक, विशेष शिक्षक, सर्वसाधारण वर्गाचे शिक्षक, निर्णय घेण्याचा अधिकार असलेली शाळेची व्यक्ती आणि मूल्यांकनाचे निष्कर्ष समजावून सांगणारी व्यक्ती, इतके तरी लोक हवेत. त्याशिवाय गरजेप्रमाणे वाचा उपचार तज्ज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ, समुपदेशक आणि शक्य असेल तिथे स्वतः मूल. या सर्वांचा एक तास एकत्र आणणे हे प्रत्येक शाळेत कोणीतरी एक शिक्षिका आपली शिकवण्याची तासिका सोडून, फोनवर फोन करून करत असे.

आम्ही सर्वांची वेळापत्रके एकत्र करून मोकळ्या वेळा शोधणारी एक सोय मोठ्या हौसेने तयार केली, आणि ती पहिल्याच महिन्यात फसली. यंत्राला मोकळ्या दिसणाऱ्या वेळा खऱ्या अर्थाने मोकळ्या नव्हत्या. एका शिक्षिकेच्या वेळापत्रकात ‘रिकामी’ असलेली पंचवीस मिनिटे ही एका मुलाला रोज शौचालयात नेण्याची वेळ होती, आणि ती कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती. आमच्याकडे त्याच सुमारास रुजू झालेला सहकारी पूर्वी रुग्णालयात शस्त्रक्रियांचे वेळापत्रक लावत असे. त्याने आमचा तक्ता पाहून विचारले, ‘‘मॅडम, यात सगळ्यात दुर्मीळ माणूस कोण?’’ उत्तर सोपे होते : तीन शाळांमध्ये फिरणाऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एकच दिवस येणाऱ्या वाचा उपचार तज्ज्ञ. त्यानंतर दुर्मीळ होते रोजंदारीवर किंवा पाळीत काम करणारे पालक. त्याचे म्हणणे असे की या दोघांची गाठ आधी घालावी आणि बाकीच्यांना त्याभोवती बसवावे. सर्वांना एकदम विचारत बसलो तर तारीख कधीच ठरत नाही. ही पद्धत आम्ही आजही वापरतो. पालकांना ‘तुम्हाला केव्हा जमेल’ असे मोघम विचारण्याऐवजी तीन ठरावीक वेळा पाठवतो, त्यातली एक शाळा भरण्यापूर्वीची आणि एक फोनवरून हजर राहता येईल अशी.

दुसरा शोध त्याहून साधा होता, आणि तो लागायला आम्हाला चार वर्षे लागली याचे मला आजही वाईट वाटते. बहुतेक शाळांत सर्व आराखडे वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातील दोन आठवड्यांत तयार होतात. आढावा वर्षातून किमान एकदा घ्यायचा असतो, म्हणून पुढच्या वर्षी सर्व मुलांची मुदत त्याच दोन आठवड्यांत संपते, आणि हे चक्र वर्षानुवर्षे तसेच फिरत राहते. चाळीस मुले आणि दहा दिवस म्हणजे दिवसाला चार बैठका. त्यात कोणाच्याही मुलाबद्दल नीट बोलणे होत नाही. नियमातील ‘किमान’ हा शब्द आम्ही नीट वाचलाच नव्हता. मुदतीनंतर आढावा घेता येत नसला तरी मुदतीपूर्वी घेण्यास कोणाचीच मनाई नसते. आम्ही एका शाळेतील एकतृतीयांश मुलांचे आढावे चार महिने आणि आणखी एकतृतीयांश मुलांचे दोन महिने अलीकडे ओढले. त्या एका वर्षी काम वाढले आणि शिक्षक आमच्यावर नाराज झाले, ते योग्यच होते. त्यानंतर मात्र त्या शाळेत एका दिवसात दोनपेक्षा जास्त बैठका घ्याव्या लागल्या नाहीत. मुदतीच्या तारखेपासून उलट मोजत जाऊन मूल्यांकन केव्हा मागवायचे, मसुदा केव्हा पाठवायचा आणि सूचनापत्र केव्हा काढायचे, हे सर्व आता दिनदर्शिकेत आपोआप भरले जाते. तीन वर्षांनी होणारे पुनर्मूल्यांकन त्याच वर्षीच्या आढाव्याला जोडून घेतले तर एक बैठक वाचते, हेही त्यात आले.

मसुद्याबाबत आमच्याच कार्यालयात मतभेद आहेत. मसुदा आधी पाठवला तर बैठक लवकर आटोपते आणि पालकांना तो शांतपणे वाचता येतो, हे खरे. पण छापील, क्रमांक घातलेली, व्यवस्थित पाने समोर आली की पालकांना सर्व आधीच ठरले आहे असे वाटते आणि ते बोलत नाहीत, हेही तितकेच खरे. मी स्वतः दुसऱ्या बाजूची आहे. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला : मुलाची सध्याची पातळी आणि नोंदींचे आकडे आधी पाठवायचे, उद्दिष्टांची पाने मात्र बैठकीतच भरायची. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना शिक्षिका हीच माहिती ध्वनिमुद्रित करून पाठवतात. दोन-तीन मिनिटांचा तो आवाज काही पालक रात्री घरातल्या सर्वांना ऐकवतात, असे आम्हाला पुढे कळले.

एक बदल मात्र कोणत्याही वादाविना झाला. एका बैठकीत एक वडील शेवटच्या पानावर सही करायला तयार होईनात आणि बाकीचे सर्वजण त्यांना हट्टी समजू लागले. तासाभराने उलगडा झाला की त्यांना हजेरीची सही करायला काहीच हरकत नव्हती, पण त्याच चौकटीत आराखडा मान्य असल्याचेही लिहिलेले होते. तो फॉर्म आमचाच होता. तेव्हापासून हजेरीची सही पहिल्या पानावर, संमतीची शेवटच्या पानावर, आणि तिच्या शेजारी ‘या भागाशी मी सहमत नाही’ असा एक पुरेसा मोठा रकाना असतो. तो रकाना भरलेला आला की काही मुख्याध्यापक आम्हाला फोन करून जाब विचारतात. आम्ही तो काढलेला नाही.

पालक न आल्यास काय करायचे, याचेही उत्तर आम्हाला कागदातच सापडले. अमेरिकेच्या नियमांत, पालकांविना बैठक घ्यावी लागली तर त्यांना बोलावण्यासाठी केलेल्या प्रयत्नांची नोंद, म्हणजे फोन, पत्रव्यवहार आणि घरी दिलेल्या भेटी, ठेवावी लागते. आम्ही ही पद्धत सर्वत्र लागू केली, तेव्हा शाळांना वाटले की आम्ही कागद वाढवतो आहोत. प्रत्यक्षात त्या नोंदींतूनच लक्षात आले की ‘पालक येतच नाहीत’ अशी ज्यांच्याविषयी तक्रार होती, त्यांच्यापैकी कित्येकांना सर्व फोन एकाच वेळी, दुपारी अकरा ते बारा दरम्यान, शाळेच्या मधल्या सुट्टीत गेलेले होते. फोनची वेळ बदलली आणि त्यांच्यापैकी बरेच जण आले.

सध्या आम्ही एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या फाईलींवर काम करत आहोत. दीडदोनशे पानांची फाईल नव्या शाळेत पोहोचते आणि पहिले तीन आठवडे ती उघडायला कोणालाच वेळ मिळत नाही. त्यासाठी मुलाला ओळखणाऱ्या शिक्षिकेने एक पान लिहावे, असा आमचा आग्रह आहे : तो काय खात नाही, कोणत्या आवाजाला घाबरतो, ‘हो’ कसे सांगतो, आणि मनगटावरच्या पट्टीवर शेवटच्या आठवड्यात किती रेघा होत्या. आतापर्यंत अशी सव्वीस पाने आमच्याकडे आली आहेत. त्यातली अकरा परत पाठवली, कारण त्यात पुन्हा आराखड्याचीच भाषा होती.