तुम्ही विचारलंत म्हणून: त्या एकाला मीठ कशाला?

माझी मिठागरांच्या जगावरची दीर्घकथा वाचलेलं कुणी भेटलं, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. "तुमच्या लोकांनी देव तर्काने शोधून काढला, ठीक आहे. पण असा धर्म टिकतो का हो? आणि मग ते दारात मीठ कशाला ठेवतात?" परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत एका काकांनी विचारलं. हातात ताट होतं, "सांगते नंतर" म्हणून सुटले. आता सांगते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: त्या जगाला दोन चंद्र आहेत. थोरला पाणी ओढतो, धाकटा सोडतो, आणि दोघांचं भांडण झालं की उधाण येऊन बांध फुटतात, अशी आगरातल्या लोकांची समजूत. दोघांनाही कोंबडं द्यायचं, तेही एकाच दिवशी, नाहीतर दुसरा रुसणार. मीठ तोलणारी एक बाई आहे, सगळे तिला तागडीवाली म्हणतात. ती मिठाच्या हिशेबाच्या वहीतच भरतीच्या वेळा टिपत असते. एकोणीस वर्षांच्या नोंदी झाल्यावर तिला दिसतं, की या भांडणाचाही हिशेब लागतो. पुढचं उधाण कधी, ते ती आधीच सांगते आणि ते येतं. मग ती विचारते, दोघं आपापल्या मनाचे असते, तर एकोणीस वर्षांत एकदा तरी वेळ चुकली नसती का? तेव्हा दोघांच्या वर कुणीतरी एक आहे. त्याला भूक नाही, रुसवा नाही, रूप नाही. लोकांनी हे पटकन मानलं, यात कोंबड्यांचा खर्च वाचला याचाही वाटा असावा.

या युक्तिवादाला भोक आहे, हे कळवणारी बरीच पत्रं आली. नियम आहे म्हणून नियम करणारा आहे, हे कशावरून? मंडळी, ते भोक मी मुद्दाम ठेवलंय. त्या धर्मात बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाला सभेपुढे उभं राहून शंका काढावी लागते. थोरल्यांना उत्तर देता येईनासं झालं, की ते म्हणतात, "बस. आजपासून तू आमची." हे पान मी एका बैठकीत लिहिलं.

अडले ती पुढे. एक पोर खाडीत बुडतं आणि त्याच्या आईसमोर सभा सिद्धान्त म्हणते, असं पहिल्या खर्ड्यात होतं. मोठ्याने वाचून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या खर्ड्यात सिद्धान्त आखूड केला. तरी तेच.

मग जुन्या माणसांकडे गेले. बाराव्या शतकात अंदलुसमधल्या, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनमधल्या, इब्न तुफैल या वैद्याने एक गोष्ट लिहिली. हय नावाचा मुलगा निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढतो. हरिणी मरते तेव्हा तिच्यातून नक्की काय निघून गेलं, हे पाहायला तो तिची छाती चिरतो. तिथून एकेक पायरी चढत, ना गुरू ना ग्रंथ, तो एकमेव कर्त्यापर्यंत पोचतो. पुढे शेजारच्या बेटावर जाऊन लोकांना समजावू लागतो, तर ते त्याला टाळायला लागतात; शेवटी "तुमचं चाललंय तेच चालू द्या" म्हणून तो परततो. मला मात्र त्यातली एक बारीक गोष्ट लागली. हा हय आकाशातल्या गोलांचं अनुकरण म्हणून स्वतःभोवती गिरक्या घेतो. एवढा विचार करून पोचलेला माणूस, त्यालाही अंगाने काहीतरी करावंसं वाटलंच.

आपल्याकडे मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ईश्वर आहे हे सिद्ध करायला 'न्यायकुसुमाञ्जलि' लिहिला. आख्यायिका अशी, की ते जगन्नाथपुरीला गेले तर देवळाचं दार बंद. ते चिडून देवाला म्हणाले, ऐश्वर्याने माजलास, पण बौद्ध वादाला आले की तुझं असणं माझ्याच हातात आहे! लोक हा टोला चवीने सांगतात. मला वाटतं, दर्शनाला ते गेलेच होते की.

आणि मग घरचंच. लहानपणी गिरगावात कंडक्टर "प्रार्थना समाज!" असं ओरडायचा, तेव्हा तो मला नुसता बसचा थांबा वाटायचा. त्याच्याही आधी, १८४९ मध्ये, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांनी मुंबईत परमहंस सभा काढली होती. देव एक, जात नाही. पण सगळं गुपचूप. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. १८६७ मध्ये दादोबांचेच भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज स्थापन केला, रानडे आणि भांडारकर त्यात आले. मूर्ती नाही, अवतार नाही. मग म्हणायचं काय? तर तुकोबांचे अभंग! विटेवरचा विठोबा नको, पण त्याला मारलेली हाक हवी. पूर्वी मला यात विसंगती दिसायची. दोन खर्डे फुकट गेल्यावर दिसेनाशी झाली.

जोतीराव फुल्यांनी तर हे आधीच ओळखलं होतं. त्यांचं 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' ते गेल्यानंतर, १८९१ मध्ये आलं. बरंचसं सवाल-जवाबात. निर्मीक, म्हणजे सगळं निर्माण करणारा, एकच आहे, फुलं त्याने आपल्यासाठी केली, ती त्यालाच काय वाहायची; नैवेद्याचंही तसंच. पण तिथे न थांबता मूल जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेलं, तर काय करायचं, तेही ते बैजवार सांगतात.

तिसऱ्या खर्ड्यात मी सभेला गप्प बसवलं. बुडालेल्या पोराच्या आईभोवती बायका बसतात आणि तागडीवालीच्या वहीतल्या भरतीच्या वेळा म्हणत राहतात, एकीमागून एक, उजाडेपर्यंत. सिद्ध काहीच करायचं नसतं. आई मध्येच एक वेळ चुकते, शेजारीण ती दुरुस्त करते, बस.

राहिलं मीठ. ते मी योजलं नव्हतं. त्या रात्रीनंतर आई सभागृहाच्या उंबऱ्यावर चिमूटभर मीठ ठेवते, आणि मग बाकीचेही ठेवू लागतात. त्या एकाला कशाचीच गरज नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. थोरले रोज सकाळी ते मीठ झाडून गोळा करतात, गाळतात आणि गावजेवणाच्या डाळीत घालतात. पण आधी तोलतात आणि वहीत लिहून ठेवतात. तागडीवालीचीच माणसं ती!