अनहंकार अकराव्या जागी आहे

'अहंकार सोडा' हे प्रवचनात ऐकू येतं, सकाळच्या सुविचारात येतं आणि नवराबायकोच्या भांडणातही येतं. पण सोडायचा म्हणजे उठून नेमकं काय करायचं, ते कुणी फारसं सांगत नाही. गीतेच्या १३ व्या अध्यायात ज्ञानाची २० लक्षणं दिली आहेत, त्यांचा क्रम नीट बघा. पहिलं अमानित्व, म्हणजे आपल्याला मान मिळावा ही अपेक्षा नसणं. मग अदंभित्व म्हणजे दिखावा नसणं, अहिंसा, क्षांती म्हणजे क्षमा, आर्जव म्हणजे सरळपणा. अनहंकार थेट ११ वा. म्हणून पहिल्याच दिवशी अहंकाराला भिडू नये, असं माझं ठाम मत आहे. तो हाती लागत नाही. मानाची अपेक्षा मात्र रोज रंगेहाथ पकडता येते.

त्यासाठी एक साधी वही पुरते. रात्री तीन गोष्टी लिहायच्या: कुठे, काय अपेक्षा होती, अंगात काय झालं. 'ऑफिसची मीटिंग. माझी कल्पना दुसऱ्याने मांडली, माझं नाव घेतलं नाही. कानशिलं तापली.' एवढंच. कोण बरोबर, कोण चूक, हे लिहायचं नाही, नाहीतर वहीचा खटला होतो. आठवडाभरात एखादी जागा पुन्हा पुन्हा येताना दिसते. लोकलमध्ये 'जरा सरका' म्हटल्यावर समोरच्याने ढिम्म न हलणं, मंडळाच्या अहवालात नाव शेवटी येणं, लग्नात कुणी 'या, बसा' न म्हणणं.

त्यातली एकच जागा महिनाभरासाठी घ्यायची. एकदम पाच घेतल्या की चौथ्या दिवशी वही बंद पडते. मीटिंगची घेतलीत, तर सोडायचं वाक्य ठरलेलं आहे: 'मी हेच मघाशी म्हणत होतो.' ते ओठांवर येतं तेव्हा जबडा आवळलेला असतो. तो सैल करायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि चर्चा पुढे न्यायची. जबाबदारी किंवा पैशाचा प्रश्न असेल तर मात्र मेल करून नोंद जरूर ठेवा. हक्क आणि मान वेगळे आहेत.

घरासाठी दुसरं काम: माफी मागताना 'पण' गाळायचा. 'मावशी, काल माझा आवाज चढला. चुकलं माझं.' इथे थांबायचं. 'पण तुम्हीही उशिरा आलात' हे जोडलं की माफी गेली आणि हिशेब उरला. थांबल्यावर जी दोनतीन सेकंदांची शांतता येते ती फार अवघड असते. अभ्यास तिथेच होतो.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ही लक्षणं उलगडली. अहिंसेबद्दल सांगताना ते चालणं, बघणं, बोलणं, हातांची हालचाल इथपर्यंत येतात. कमळावरचा भुंगा केसर चुरगळेल म्हणून हळूच पाय ठेवतो, तसा अहिंसा अंगी बाणलेला माणूस चालतो. म्हणजे कळलेलं पावलांत उतरायला हवं. दार कसं लावता, वॉचमनकाकांना हाक कशी मारता, ताट कसं ठेवता, यावर नजर ठेवा.

आता घोटाळे कुठे होतात ते. सर्वात मोठा म्हणजे नम्रता फक्त वरच्या दिशेने वाहते. साहेबांपुढे मवाळ आणि लिफ्टमनला अरे-तुरे, तर वहीतलं सगळं फोल. दुसरा घोटाळा म्हणजे मान सोडल्याचाच मान हवासा वाटणं. अदंभित्व दुसऱ्या जागी आहे ते याचसाठी, असं मला वाटतं. यावर उपाय म्हणजे कुणाला न सांगता केलेलं काम. गुरुद्वाऱ्यात जोडाघर असतं, तिथे आलेल्यांचे जोडे सांभाळायची सेवा करता येते. फोन पिशवीत, फोटो नाही.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. जिला घरात वर्षानुवर्षं बोलूच दिलेलं नाही, तिला 'अहंकार सोड' म्हणणं हा अन्याय आहे. तिने आधी आवाज कमवावा. सतत स्वतःला कमी लेखणाऱ्यानेही ही वही लिहू नये. त्याला ती चाबकासारखी लागते, त्याने समुपदेशकाकडे जावं.

प्रगती मोजायची असेल तर गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची कथा आठवा. त्यांनी मडकी ठोकायच्या थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं. बाकीचे संत गप्प राहिले, नामदेव रागावले आणि कच्चं मडकं ठरले. विठ्ठलाची भक्ती उदंड होती, तरी त्या एका टोल्याला मान जागा झाला. म्हणून ध्यानात मन किती शांत होतं ते मोजू नका. टोला बसल्यावर भानावर यायला किती वेळ लागला, तेवढं लिहा. सुरुवातीला दोन दिवस जातील, पुढे संध्याकाळपर्यंत.

मुंबईत या सरावाला उत्तम जागा म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. पार्किंगवरून ज्यांच्याशी तुमचं पटत नाही, त्यांचं म्हणणं त्यांच्याच बाजूने, एकही खोचक शब्द न घालता लिहा. मसुदा त्यांना वाचून दाखवा. 'हो, असंच म्हणालो मी' असं ते म्हणेपर्यंत दुरुस्त करा आणि मगच सही घ्या.