टेलिहँडलर: चार टनांचं मशीन चार टन कुठे उचलतं?

टेलिहँडलर म्हणजे पुढे लांबणाऱ्या हाताने, म्हणजे बूमने, भार उचलणारं मशीन. त्यावर लिहिलेली क्षमता बूम पूर्ण आत असतानाची असते. बूम पुढे सरकला की पुढचा अ‍ॅक्सल तराजूच्या दांडीसारखा काम करतो आणि उचलता येणारं वजन झपाट्याने घटतं. म्हणून केबिनमधला लोड चार्ट, म्हणजे कोणत्या स्थितीत किती वजन उचलता येतं याचा तक्ता, आधी वाचा: बूमचा कोन, लांबी, आणि लोड सेंटर, म्हणजे फोर्कच्या (भाराखाली जाणाऱ्या काट्यांच्या) उभ्या पाठीपासून भाराच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. चार्ट बहुतेकदा ५०० किंवा ६०० मिलीमीटर धरून केलेला असतो. भाराचा गुरुत्वमध्य त्याहून लांब असेल तर तो आकडा लागू नाही. फोर्कऐवजी बकेट किंवा जिब (भार टांगायचा जोड-हात) लावला की चार्टही बदलतो.

चार्ट सपाट, टणक जमिनीसाठीच असतो. फ्रेम (मशीनचा सांगाडा) समतल करायची ती बूम उचलण्याआधी. वर गेलेला भार फ्रेम हलवून सरळ करू पाहणं, माझ्या मते, सर्वांत घातक सवय. भार खाली घ्या, मग समतल करा.

भार घेऊन जाताना बूम आत, फोर्क किंचित मागे झुकलेले, भार जमिनीलगत. सीटबेल्ट कायम. जास्त भाराचा अलार्म वाजला तर बूम आधी आत घ्या. तो लांबलेला तसाच खाली आणला तर पोहोच वाढून मशीन पुढे उलटू शकतं.